चूक भोंग्याची नव्हती

माझे बोट थरथरले नव्हते. मला डुलकी लागली नव्हती, माझ्या डोळ्यापुढे अंधारी आली नव्हती, आणि भोंगा मी दोन सेकंद आधी वाजवला नव्हता. भांडुपच्या आमच्या इमारतीत, तळमजल्याच्या बाकापासून सातव्या मजल्याच्या गच्चीपर्यंत, त्या सामन्याविषयी जे जे सांगितले जाते ते सारे मी ऐकले आहे. सांगणाऱ्यांपैकी निम्मे त्या दिवशी मुलुंडला आलेच नव्हते. आले होते त्यांचे लक्ष फलकाकडे होते, आणि फलक तर बंद पडलेला होता. म्हणून जे घडले ते मी लिहून ठेवतो. माझ्यावर दोष ठेवायचाच असेल तर तो निदान बरोबर दोष असावा, एवढीच माझी अपेक्षा आहे.

प्रथम खेळाविषयी, कारण आमच्या इमारतीत त्यालाही अजून कोणी हॉकी म्हणते, तर कोणी गोट्या. रिंगेट हा मुळात बर्फावरचा, मुलींचा खेळ. आपल्याकडे बर्फ नाही, म्हणून तो चाकांच्या स्केट्सवर, गुळगुळीत सिमेंटवर खेळतात. काठी हॉकीच्या काठीसारखी खाली वळलेली नसते; सरळसोट असते. चेंडूऐवजी रबराची निळी कडी असते. काठीचे टोक कडीत रोवून ती ओढत न्यायची आणि गोलमध्ये मारायची. या खेळातला एक नियम मात्र मला पहिल्याच दिवशी आवडला. कडी ताब्यात आली की संघाला तीस सेकंद मिळतात. तेवढ्यात गोलवर फटका मारला नाही, तर भोंगा वाजतो आणि कडी समोरच्यांकडे जाते. फटका मारला आणि तो गोलरक्षिकेला लागला, तर त्यांचे तीस सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात.

तीस सेकंद! मी छत्तीस वर्षे कबड्डीचा पंच होतो. साकीनाक्याच्या कारखान्यात आठवडाभर लेथ चालवायची आणि रविवारी शिट्टी गळ्यात अडकवून घाटकोपर, मानखुर्द, भांडुप, जिथे मैदान असेल तिथे उभे राहायचे. चढाईला तीस सेकंदांची मर्यादा नव्हती, खेळाडूच्या दमावर सारे चालायचे, तेव्हापासूनचा मी पंच आहे. तीस सेकंद किती असतात हे मला घड्याळाने सांगावे लागत नाही. तरीही मी घड्याळ बघतो, कारण पंचाने स्वतःवरही विश्वास ठेवायचा नसतो.

माझी नात या खेळात भारताच्या मुलींच्या संघात आहे. सतरा वर्षांची आहे. चार देशांच्या राष्ट्रीय संघांची आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा मुलुंडच्या रिंकवर भरणार असे ठरले, तेव्हा घरात आनंद झाला. स्पर्धेचे चिटणीस जुने कबड्डीतले. त्यांचा फोन आला.

“काका, आमच्याकडे तीस सेकंदांच्या घड्याळावर बसायला माणूस नाही. कॉलेजची पोरं येतात आणि खेळच बघत बसतात. तुम्ही बसा.”

“माझी नात संघात आहे,” मी म्हणालो.

“माहितीये हो.”

“म्हणजे मी बसणे बरे दिसणार नाही.”

“काका, घड्याळाला कुठे नातं कळतं? बसा तुम्ही. तुमच्याबद्दल कोण बोलणार?”

कोण बोलणार, हे त्यांनी आमच्या इमारतीत येऊन विचारायला हवे होते. माझी पत्नी मालवणची. पन्नास वर्षे मुंबईत राहूनही तिने आपली बोली सोडलेली नाही. ती भाकरी थापता थापता म्हणाली, “तुमका कोणी सांगितल्यानी थय जाऊन बसाक? घरात बसान सामनो बघूक येणा नाय?” मी तिला कर्तव्य वगैरे काही समजावले. तिने तवा उतरवला आणि ती म्हणाली, “पोरगी हरली तर तुमच्या नावान खडे फोडतली. मगे माका सांगा नको.” तिचे म्हणणे मी त्या वेळी मनावर घेतले नाही.

पहिले दोन दिवस बरे गेले. परदेशी संघांच्या मुलींना आपल्या उकाड्याचा फार त्रास झाला, आणि कड्यांनाही झाला. उन्हाने रबर मऊ पडते, म्हणून कड्या बर्फाच्या बादलीत ठेवायच्या होत्या. चिटणिसांनी बर्फ कोळीवाड्यातून, मासळीच्या पेट्यांसाठी येतो तोच आणवला. एका पाहुण्या संघाच्या कप्तानाने खेळ सुरू होण्यापूर्वी कडी नाकाशी नेली, मग आपल्या गोलरक्षिकेच्या नाकाशी नेली, आणि दोघींनी मिळून पंचांकडे पाहिले. पंचांनी कडी बदलून दिली. दुसऱ्या कडीलाही बोंबलांचा वास होता. शेवटी त्या हसल्या आणि खेळू लागल्या. यालाही मीच जबाबदार होतो, असे अजून तरी कोणी म्हटलेले नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाड्याने आणलेला विजेचा फलक बंद पडला. मग मला हातातले स्टॉपवॉच दिले आणि टेबलावर भोंग्याचे बटण बसवले. डाव्या हातात घड्याळ, उजवा अंगठा बटणावर. वीस सेकंद झाले की मी मोठ्याने “दहा!” असा पुकारा करायचा, म्हणजे दहा उरले, आणि तीस झाले की बटण दाबायचे. तिसऱ्या दिवशीचा, तिसऱ्या क्रमांकाचा सामना असा माझ्या हातावर चालला.

चार-चार अशी बरोबरी होती. शेवटचे दीड मिनिट उरले होते. कडी आपल्या मुलींकडे होती. मी भोंगा वाजवला, आणि त्यानंतर माझ्या नातीने मारलेली कडी जाळ्यात गेली. पंचांनी गोल नाकारला. कडी समोरच्यांकडे गेली, आणि संपता संपता त्यांनी गोल केला. आपण हरलो. पदक गेले.

एवढेच सगळ्यांना मान्य आहे. यापुढे प्रत्येकाची आपापली कथा सुरू होते.

माझ्या मुलाची कथा अशी की, बाबांनी भोंगा आधी वाजवला. तो त्याच गोलच्या मागे, कठड्याला टेकून, मोबाइलवर चित्रीकरण करत होता. त्या चित्रफितीवर बोट ठेवून तो “एक हजार एक, एक हजार दोन” असे मोजतो आणि अठ्ठावीसवर थांबतो. मी त्याला म्हणालो की तू आयुष्यात कधी एक हजार एक हे नीट म्हटलेले नाहीस, कधी लांबवतोस, कधी गिळतोस. तो म्हणाला, “बाबा, व्हिडिओ खोटं बोलतो का?” व्हिडिओ खोटे बोलत नाही. मोजणारा बोलतो. मी स्टॉपवॉच घेऊन ती चित्रफीत चार वेळा मोजली. चारही वेळा तीस.

तळमजल्यावर राहणारे गृहस्थ विमा कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांच्या कथेत माझा मोतीबिंदू येतो. तो गेल्या वर्षी काढला, हे त्यांना ठाऊक आहे. त्या वेळी ते मला बघायला संत्री घेऊन आले होते. तरीही ते सर्वांना सांगत होते, “डोळ्यांचं काय असतं ना, एकदा ऑपरेशन झालं की लांबचं दिसतं, जवळचं घड्याळ नाही दिसत.”

या सगळ्यांशी मी भांडलो. भांडण्याचा मला कंटाळा नाही. परंतु नातीशी काय भांडावे? ती भांडतच नव्हती. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ती म्हणाली, “आजोबा, सोडा ना आता. होतं असं. माणूसच आहे ना शेवटी.”

“काय होतं?”

“असंच. बोट पडतं कधीतरी. मी कुणाला काही बोलले नाही, टेन्शन घेऊ नका.”

तिने मला माफ केले होते! न केलेल्या चुकीबद्दल, माझ्याच घरात, माझ्याच नातीने मला माफ केले होते. मी तिला म्हणालो की माझे बोट पडले नव्हते. ती म्हणाली, “हो, हो, नव्हतं पडलं,” आणि लहान मुलाला खाऊ द्यावा तसे तिने मला चहात बुडवायला खारी दिली.

आणि तिचे खरे नुकसान कोणाच्याच कथेत नव्हते. ते मला सुनेकडून कळले. मुलींच्या प्रशिक्षिका पुढच्या स्पर्धेच्या शिबिरासाठी मुली निवडणार होत्या. त्या सामन्यावरून त्यांनी नातीविषयी शेरा लिहिला होता: कडी फार वेळ ठेवते, तीस सेकंदांचे भान नाही. रविवारी यादी पक्की होणार होती. नात घरात याबद्दल एक शब्द बोलली नव्हती. मला माफ करून झाले होते आणि आता ती स्वतःच्या शेऱ्याची सवय करून घेत होती.

गुरुवारी सकाळी मी दूध घेऊन येत होतो. तळमजल्याचे गृहस्थ बाकावर वर्तमानपत्र उघडून बसले होते.

“काय पंच, आज घड्याळ नाही घातलं?”

“तुम्हाला तो सामना समजून घ्यायचा आहे की नुसते बोलायचे आहे?”

“सांगा की. मी कुठे नको म्हणतोय.”

मी दुधाची पिशवी बाकावर ठेवली आणि त्यांच्यापुढे उभा राहून सेकंदासेकंदाने सांगू लागलो. “ऐका. शून्यावर आपल्या बचावपटूने कडी अडवली. मी घड्याळ दाबले. चार सेकंदांत तिने पुढे दिली. निळ्या रेषेपलीकडे कडी स्वतः न्यायची नसते, द्यावी लागते. ती नातीने घेतली, आठ झाले. नातीने डावीकडून वळसा घातला. सोळा झाले तेव्हा तिने फटका मारला. त्यांच्या एका मुलीचे चाक तिच्या चाकाला लागले आणि नात पडली, त्यामुळे फटका कुठे गेला हे तिला दिसले नाही. कडी गोलरक्षिकेच्या पायाच्या पॅडला चाटून कोपऱ्यात गेली. तिथून आपल्या दुसऱ्या मुलीने...”

मी थांबलो.

“मग?” ते म्हणाले. “दुसऱ्या मुलीने काय?”

त्यांना नियम ठाऊक नव्हता. ते पुढचे ऐकायला थांबले होते. मी मात्र माझ्याच तोंडून निघालेले वाक्य पुन्हा ऐकत होतो. कडी गोलरक्षिकेच्या पॅडला चाटून गेली. मी ते पाहिले होते. पॅडची बाहेरची कड हललेली मला स्पष्ट दिसली होती. लाकडी कठड्याचा आवाज वेगळा, पॅडचा वेगळा, तो फट् असा आवाजही मी ऐकला होता. गोलरक्षिकेला लागली म्हणजे तीस सेकंद पहिल्यापासून. मी घड्याळ शून्यावर आणायला हवे होते. मी ते आणले नाही. मी वीसला “दहा!” असे ओरडलो, आणि तीसला, बरोबर तीसला, भोंगा वाजवला. तो भोंगा वाजायलाच नको होता.

“काही नाही,” मी म्हणालो. “दूध नासेल.” मी पिशवी उचलून जिन्याने वर आलो. लिफ्ट चालू होती तरी.

असे का झाले, हे मला जिन्यावरच कळले, आणि ते कबड्डी न खेळलेल्या माणसाला पटकन कळणार नाही. चढाईत स्पर्श झाला की पंच तो पाहतो, मनात ठेवतो, आणि गप्प बसतो. चढाई चालू असताना पंचाने तोंड उघडायचे नसते, चेहराही बदलायचा नसतो. चढाई करणारा मध्यरेषेपर्यंत परतला किंवा पकडला गेला की मग हात वर करून सांगायचे, अमुक बाद. मधल्या सेकंदांत पंचाने पाहिलेले त्याच्या पोटात असते. छत्तीस वर्षे मी हेच केले, आणि त्याबद्दल माझा मान होता. पहिल्या दोन दिवसांत गोलरक्षिकेने अडवलेले फटके सरळ आणि ठळक होते, तेव्हा माझ्या हाताने घड्याळ नीट परत लावले. हा मात्र निसटता होता, नखभर. कबड्डीत नखभर स्पर्श पाहिला की जे करतो तेच मी केले. पाहिला, मनात ठेवला, आणि चढाई संपण्याची वाट पाहिली. चढाई संपली तेव्हा भोंगा वाजला होता.

म्हणजे डोळा चोख होता. बोट चोख होते. चुकले ते माझे पंचपण.

मी गप्प राहिलो असतो तर कोणालाही कळले नसते. पंचांना दिसले नव्हते, आणि त्या गोलरक्षिकेने सांगायचे काही कारण नव्हते. मला सगळ्यांनी माफ केलेच होते. पण शेरा नातीच्या नावावर होता.

दुपारी ती कॉलेजातून आली. मी तिला समोर बसवले आणि जसे होते तसे सांगितले. तिने पूर्ण ऐकले. मग ती हळू आवाजात म्हणाली, “पॅडला लागली होती?”

“लागली होती.”

“तुम्ही बघितलं?”

“बघितले.”

“म्हणजे गोल होता. आजोबा, तो गोल होता!”

“होता.”

“आणि तुम्ही चार दिवस सगळ्यांशी भांडताय की तुमचं काहीच चुकलं नाही!”

“ते जी चूक म्हणत होते ती झाली नव्हती.”

“यार आजोबा!” ती उठली. “आमची सगळ्यांची वाट लागली आणि तुम्ही... बोलायचं होतं ना! तिथेच उठून ओरडायचं होतं! मी रोज झोपताना विचार करतेय की मी ‘दहा’ ऐकून पण का थांबले!” ती आत गेली आणि तिने दार आपटले. माझी पत्नी स्वयंपाकघरातून डोकावली आणि म्हणाली, “आता बरा वाटला?” ती टोमणा मारत होती. परंतु खरे सांगतो, बरे वाटले होते. चार दिवसांनी घरात कोणीतरी माझ्याशी नीट, खऱ्या मुद्द्यावर भांडले होते.

रविवारी सकाळी मी रिंकवर गेलो. मुलाला बरोबर नेले, कारण चित्रफीत त्याच्याकडे होती. प्रशिक्षिका मुलींकडून सराव करून घेत होत्या. मी त्यांना म्हणालो, मला सर्व मुलींपुढे बोलायचे आहे. त्यांनी मुली गोळा केल्या. मी उभ्याने सांगितले. नात मागे उभी होती, काठीच्या टोकाने सिमेंटवर रेघा ओढत.

प्रशिक्षिकांनी ऐकले, आणि मला जिची भीती होती तीच शंका त्यांनी काढली. “काका, राग मानू नका. यादी आज आहे. तुमची नात आहे. आज तुम्हाला हे आठवतंय.”

“आठवत नाही आहे,” मी म्हणालो. “कडी पॅडला लागली हे मला पहिल्या क्षणापासून ठाऊक होते. चूक आहे हे गुरुवारी कळले. चित्रफीत बघा.”

माझ्या मुलाने मोबाइल पुढे केला. ज्या चित्रफितीवर तो आठवडाभर माझे दोन सेकंद मोजत होता, तीच. सगळे भोंग्याकडे कान देऊन होते. सोळाव्या सेकंदाकडे कोणीही पाहिले नव्हते. प्रशिक्षिकांनी ती पाहिली, मागे नेली, आवाज वाढवून कानाशी धरली. पॅडची कड हलली. फट्.

“निकाल बदलणार नाही,” त्या म्हणाल्या.

“ते मला ठाऊक आहे. मी निकालासाठी आलो नाही.”

एका मुलीने विचारले, “पण तुम्ही तेव्हाच का नाही बोललात, आजोबा?” मी कबड्डीतला रिवाज सांगितला. ती म्हणाली, “अहो पण ही कबड्डी नव्हती ना!” प्रशिक्षिकांनी वही काढली, एका ओळीवर काट मारली, आणि “चला, दोन फेऱ्या,” असे म्हणून शिट्टी वाजवली. नातीचे नाव यादीत राहिले.

इथे हे प्रकरण संपायला हवे होते. आमच्या इमारतीत काही संपत नाही. मंगळवारपर्यंत नवी कथा तयार झाली: आजोबांनी नातीसाठी स्वतःवर घेतले. काय मन, काय त्याग! पोरीचे नाव यादीत राहावे म्हणून म्हाताऱ्याने खोटे सांगितले. ज्यांनी माझे खरे मानले नव्हते त्यांनी आता माझ्या तथाकथित खोट्याचे कौतुक सुरू केले. मी दोघातिघांना गाठून सांगितले की हे खोटे नाही, माझी खरोखरच चूक झाली होती. ते डोळे पुसल्यासारखे करत आणि माझा हात दाबत. चूक कबूल करणाऱ्या माणसाला एवढा त्रास होत असेल अशी मला कल्पना नव्हती.

बुधवारी संध्याकाळी मी आणि नात सरावाहून परत येत होतो. ती त्या दिवसांत माझ्याशी फक्त कामापुरते बोलत असे, आणि ते योग्यच होते. तळमजल्याचे गृहस्थ बाकावरून उठले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “बाळा, तुझ्या आजोबांनी तुझ्यासाठी सगळं अंगावर घेतलं हो. असा आजोबा मिळायला भाग्य लागतं.”

नातीने त्यांचा हात बाजूला केला. “काय अंगावर घेतलं? काही नाही घेतलं,” ती म्हणाली. तिचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला असावा, कारण खिडक्या उघडल्या. “त्यांनी चूक केली. त्यांनी बघितलं आणि घड्याळ परत लावलं नाही. व्हिडिओत आहे, हवा तर दाखवते. माझा गोल होता तो. आणि यादीत मी माझ्या खेळावर आहे, कुणाच्या मेहरबानीवर नाही. काका, पुन्हा असं कुणाला सांगू नका.”

गृहस्थ म्हणाले, “अगं, मी चांगलंच बोलत होतो.”

“चांगलं नको. बरोबर बोला.”

मग ती माझ्याकडे वळली. “आणि तुम्ही हसू नका.”

मी हसत नव्हतो. तसे मी तिला दोनदा सांगितले. तिने एकदाही मान्य केले नाही.